सीलचं स्पॉरन, गरुडाचं पीस, हस्तिदंताची कडी: स्कॉटिश पोशाख घेऊन परदेशी जाताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लासगो-एडिनबरात शिकायला आलेली मुलं, इथेच स्थिरावलेली कुटुंबं, स्कॉटिश घरात लग्न होऊन गेलेल्या लेकी-जावई या सगळ्यांकडून हे प्रश्न येतात. कुणाला अमेरिकेतल्या मित्राच्या लग्नाला किल्ट, म्हणजे पुरुषांचा चौकड्यांचा चुणीदार घागरा, घालून जायचं असतं, कुणाला बॅगपाइप वाजवणाऱ्या पाइप बँडबरोबर कॅनडाला, तर कुणाला सासऱ्यांनी दिलेलं स्पॉरन पुण्याला आई-बाबांना दाखवायचं असतं. पोशाख सुंदर आहे आणि तो अभिमानानं घालावा. पण त्यातल्या काही वस्तूंसाठी बॅग भरण्याआधी थोडा अभ्यास करावा लागतो.

स्पॉरन म्हणजे काय, आणि अडचण त्याचीच का?

किल्टला खिसे नसतात. म्हणून कमरेला साखळीनं किंवा पट्ट्यानं बांधून पुढे लटकवायची पिशवी म्हणजे स्पॉरन. रोजच्या वापराचं साधं चामड्याचं असतं. समारंभाचं फरचं असतं, वर चांदीची किंवा चांदीसारख्या धातूची नक्षीदार पट्टी आणि खाली गोंडे. लष्करी आणि पाइपर मंडळींचं लांब घोड्याच्या केसांचं. आणखी एक जुना प्रकार आहे, ज्यात प्राण्याचं अख्खं तोंडच झाकण म्हणून लावलेलं असतं. आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचे अधिकारी आणि सार्जंट बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या तोंडाचं स्पॉरन वापरत.

किल्ट लोकरीची असते, तिला कुणी अडवत नाही. अडवलं जातं ते फर, पीस, शिंग आणि दात यांना. त्यात सगळ्यांत जास्त गोंधळ सीलच्या कातड्याचा होतो, कारण समारंभाच्या स्पॉरनसाठी पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरलं गेलं आहे.

माझं स्पॉरन सीलचं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

सीलचे केस आखूड, ताठ आणि चकचकीत असतात आणि एकाच दिशेनं चापून बसलेले असतात. हात एका बाजूनं फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलट्या बाजूनं खरखरीत. रंग बहुधा रुपेरी-करडा, त्यावर काळसर ठिपके किंवा डाग. सशाची फर याच्या अगदी उलट, मऊ आणि फुगीर. फुंकर मारली की केस बाजूला होतात आणि खालची लव दिसते.

फसगत होते ती गाईच्या कातड्यानं. ते हुबेहूब सीलसारखं दिसेल असं रंगवून विकलं जातं. तुम्हाला ते गाईचं आहे हे माहीत असलं तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला माहीत नसतं, आणि खात्री होईपर्यंत वस्तू अडकून पडू शकते. म्हणून दुकानाची पावती जपून ठेवा आणि तिच्यावर प्राण्याचं नाव लिहून घ्या. नुसतं ‘अस्सल फर’ लिहिलेल्या पावतीचा काही उपयोग नाही. शास्त्रीय नाव असेल तर फारच उत्तम. जुनी, वारशानं आलेली वस्तू असेल तर किल्ट शिवणाऱ्या किंवा स्पॉरन बनवणाऱ्या जाणकार कारागिराला दाखवा. हात लावल्याबरोबर सांगणारे लोक अजून आहेत.

सीलचं स्पॉरन अमेरिकेला नेता येतं का?

नाही. अपवाद आहेत, पण ते इतके अरुंद आहेत की सामान्य प्रवाशानं ‘नाही’ असंच धरून चालावं.

अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि तो २१ डिसेंबर १९७२ पासून लागू झाला. सील, वॉलरस, देवमासा, डॉल्फिन, ध्रुवीय अस्वल, समुद्री पाणमांजर यांपासून बनवलेली कोणतीही वस्तू देशात आणायला या कायद्यानं बंदी आहे. प्राणी दुर्मीळ आहे की मुबलक, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. वस्तू विकायची आहे की स्वतः घालायची आहे, यानंही फरक पडत नाही. भेट म्हणून मिळालेली, भाड्यानं आणलेली, एका रात्रीसाठी नेलेली, सगळ्यांना एकच नियम.

दरवर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला टार्टन डेची, म्हणजे स्कॉटिश वारशाच्या दिवसाची, मिरवणूक असते, जुलैत नॉर्थ कॅरोलायनात ग्रँडफादर माउंटनचे हायलँड गेम्स, म्हणजे स्कॉटिश खेळांचा मेळा असतो. दोन्हीकडे स्कॉटलंडहून हौसेनं लोक जातात. त्यांनी चामड्याचं स्पॉरन न्यावं. त्यानं पोशाखात काहीही उणं दिसत नाही.

पण सील तर साइट्सच्या यादीत नाही. मग परवान्याची गरजच काय?

हा युक्तिवाद मी सर्वांत जास्त वेळा ऐकतो आणि त्यानंच लोक अडचणीत येतात. साइट्स म्हणजे संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार. १९७३ मध्ये वॉशिंग्टनला त्यावर सह्या झाल्या आणि १९७५ मध्ये तो अमलात आला. त्यात परिशिष्ट एक, दोन आणि तीन अशा याद्या आहेत. हार्प सील, ग्रे सील, कॉमन सील, रिंग्ड सील हे उत्तर अटलांटिकमधले सील त्यांत नाहीत, हे खरं. दक्षिणेकडचे फर सील आणि माँक सील मात्र आहेत.

म्हणजे ग्रे सीलच्या स्पॉरनला ब्रिटनमधून बाहेर पडताना साइट्सचा परवाना लागत नाही. पण साइट्स ही झाली किमान अट. प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा त्यावर वेगळा असतो आणि अमेरिकेचा तो बराच कडक आहे. परवाना लागत नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. आपल्याला तीन ठिकाणचे नियम बघायचे असतात: निघतो तो देश, पोहोचतो तो देश, आणि मध्ये उतरतो तो देश.

मी अमेरिकेत उतरणार नाही, फक्त विमान बदलणार आहे. तरी अडचण येईल?

येईल. अमेरिकेतल्या विमानतळांवर आंतरराष्ट्रीय प्रवाशाला कस्टम्स टाळून परस्पर पुढच्या विमानात बसण्याची सोय सहसा नसते. एडिनबराहून न्यूयॉर्कमार्गे मेक्सिकोला जायचं असेल तरी न्यूयॉर्कला बॅग घेऊन तपासणीतून जावं लागतं. तिथे सीलचं स्पॉरन सापडलं की ते अमेरिकेत आणलं असंच मानलं जाईल.

यातली एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. डब्लिन आणि शॅननच्या विमानतळांवर अमेरिकेची तपासणी आयर्लंडमध्येच होते. कॅनडातल्या टोरंटो, व्हँकूव्हर, माँट्रियल अशा मोठ्या विमानतळांवरही तसंच. ग्लासगोहून डब्लिनमार्गे बॉस्टनला जाणारा प्रवासी अमेरिकी अधिकाऱ्यासमोर डब्लिनलाच उभा राहतो. त्यामुळे तिकीट काढतानाच मार्ग बघा. फरची वस्तू सोबत न्यायचीच असेल तर अमेरिकेला वळसा घालणारं विमान घ्या.

स्पॉरन सासऱ्यांच्या वडिलांचं आहे, १९५० च्या सुमाराचं. तेही चालणार नाही?

कायद्यात वाट आहे. २१ डिसेंबर १९७२ पूर्वी मारल्या गेलेल्या प्राण्याच्या वस्तूंना बंदी लागू होत नाही. मात्र ते तुम्ही सिद्ध करायचं असतं. वस्तूचं वर्णन, मालकाचं नाव, ती कधी, कुठे आणि कशी मिळाली हे सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. ‘घरात सगळे सांगतात की जुनं आहे’ एवढ्यावर भागत नाही. जुनी पावती, कारागिराचा शिक्का, चांदीच्या पट्टीवरचा हॉलमार्क, आजोबा तेच स्पॉरन घालून उभे असलेला तारीख लिहिलेला फोटो, असं जे काही असेल ते जमवा. हॉलमार्कवरून चांदीचं वर्ष कळतं आणि ते उपयोगी पडतं, पण जुन्या पट्टीला नवं कातडं बसवलेलं असू शकतं, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं.

सीलचं हे काम अमेरिकेत नोआ फिशरीज या खात्याकडे आहे. त्यांना प्रवासाच्या पुष्कळ आधी लिहावं आणि लेखी उत्तर हाती आल्याशिवाय वस्तू नेऊ नये. माझं मत विचाराल तर कुटुंबातली एकुलती एक जुनी वस्तू कागद पूर्ण असले तरी नेऊ नये. एका संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी तीन पिढ्यांची ठेव कुणाच्या टेबलावर ठेवायची?

युरोपात काय नियम आहे?

युरोपीय संघानं २००९ मध्ये सीलच्या वस्तूंच्या विक्रीवर नियम केला आणि २०१० पासून तो लागू झाला. बाजारात फक्त इनुइट आणि इतर मूलनिवासी समाजांच्या पारंपरिक शिकारीतून आलेला माल, तोही प्रमाणपत्रासह, विकता येतो. प्रवाशाला मात्र सूट आहे: स्वतःच्या वापरासाठी अंगावर घातलेली किंवा सोबतच्या सामानातली वस्तू नेता येते. ब्रिटननं बाहेर पडल्यावर हाच नियम आपल्याकडे ठेवला. त्यामुळे ग्रे सीलचं स्वतःचं स्पॉरन घालून पॅरिसच्या लग्नाला जाता येतं. तिथे कुणाला विकता येत नाही.

फर साइट्सच्या यादीतल्या प्राण्याची असेल तर गोष्ट वेगळी. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात साइट्सची सीमा उभी राहिली आहे, म्हणजे यादीतली वस्तू एकीकडून दुसरीकडे नेताना परवाने बघावे लागतात. ब्रिटनमध्ये हे परवाने ब्रिस्टलच्या प्राणी आणि वनस्पती आरोग्य संस्थेतून मिळतात.

कॅनडात सील चालतं ना?

चालतं. तिथे सीलची शिकार कायदेशीर आहे आणि सीलच्या वस्तू उघड विकल्या जातात. अडचण परतीच्या वाटेवर येते. ऑन्टारियोत मॅक्सव्हिलला ऑगस्टच्या सुरुवातीला ग्लेनगॅरी हायलँड गेम्स भरतात. उत्तर अमेरिकेची पाइप बँड स्पर्धा तिथेच होते. तिथून अमेरिकेची सीमा जवळ, आणि ‘दोन दिवस न्यूयॉर्कही बघून येऊ’ असं सहज ठरतं. कॅनडात इनुइट प्रमाणपत्रासह घेतलेली वस्तूसुद्धा अमेरिका आत घेत नाही.

हे नियम अति नाहीत का? एका पिशवीवरून एवढं?

असं वाटणं मी समजू शकतो, म्हणून थोडं मागे जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या बर्फावर हार्प सीलच्या पांढऱ्या पिल्लांची जी शिकार चाले, तिची छायाचित्रं जगभर पोहोचली. १९८३ मध्ये युरोपनं त्या पिल्लांच्या कातड्याची आयात बंद केली. तिचा फटका ज्यांनी ती पिल्लं मारली नव्हती त्या इनुइट लोकांनाही बसला, कारण सीलच्या कातड्याचा बाजारच कोसळला. पुढे २०१४ मध्ये कॅनडा आणि नॉर्वेच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेनं निकाल दिला: लोकांच्या नैतिक भावनेपोटी अशी बंदी घालता येते, पण सवलती भेदभाव करणाऱ्या नसाव्यात. त्यानंतर युरोपनं २०१५ मध्ये आपला नियम दुरुस्त केला.

आणि स्कॉटलंडमध्येही त्या १९७२ च्या अमेरिकी कायद्याचा परिणाम दिसला. मत्स्यशेती वाचवण्यासाठी सीलला गोळी घालण्याचे परवाने इथे मिळत असत. अशा पद्धतीनं वाढवलेले मासे अमेरिका विकत घेणार नाही हे स्पष्ट झालं, आणि २०२१ च्या फेब्रुवारीपासून ते परवाने बंद झाले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्यावर पिल्लांसह पहुडलेले ग्रे सील ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या बदलाचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही. परंपरा मलाही प्रिय आहे. पण स्पॉरन परंपरेचं होण्यासाठी ते सीलचंच हवं, हे मला पटत नाही.

पाणमांजर, बॅजर, रानमांजर यांचं काय?

पाणमांजर सर्वांत अवघड. युरोपीय पाणमांजर साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या ओळीत. परवाना नसेल तर सीमा ओलांडूच नये. खुद्द स्कॉटलंडमध्येही ते संरक्षित आहे: २००७ च्या दुरुस्तीनंतर, १९९४ नंतर मारलेल्या पाणमांजराची किंवा रानमांजराची वस्तू बाळगायलाच परवाना लागतो. स्पॉरनवाल्यांना परवाने काढावे लागणार म्हणून तेव्हा वर्तमानपत्रांत बराच गाजावाजा झाला होता. उत्तर अमेरिकेतलं नदीतलं पाणमांजर दुसऱ्या परिशिष्टात येतं, म्हणून नुसतं ‘पाणमांजर’ कळून पुरत नाही, कुठलं तेही कळावं लागतं.

रानमांजर दुसऱ्या परिशिष्टात. बॅजर साइट्समध्ये नाही, पण ब्रिटनमध्ये त्याला १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तुमच्याकडचं कातडं बेकायदा मारलेल्या बॅजरचं नाही हे दाखवता यायला हवं.

ब्रिटनमध्ये ३ मार्च १९४७ पूर्वीच्या कलावस्तूंना विक्रीत सवलत आहे. ती सवलत देशातल्या खरेदी-विक्रीपुरती असते. प्रवासाला तिचा आधार घेऊ नका.

टोपीतलं गरुडाचं पीस?

स्कॉटिश रिवाजाप्रमाणे कुळाच्या प्रमुखाच्या टोपीत सोनेरी गरुडाची तीन पिसं असतात, उपशाखेच्या प्रमुखाच्या दोन, आणि ज्याला स्वतःचं मानचिन्ह मिळालं आहे त्याच्या एक. रिवाज देखणा आहे. पण गरुडाबद्दल अमेरिकेत १९४० पासून खास कायदा आहे आणि १९६२ पासून त्यात सोनेरी गरुडही आहे. एक पीस नेणंही गुन्हा ठरू शकतं. हंसाचं किंवा टर्कीचं रंगवलेलं पीस घ्या. चांदीची पिसं बनवून टोपीच्या बिल्ल्यामागे लावायची पद्धतही आहे.

ग्राउस या पक्ष्याच्या पायाचा किल्ट पिन हाही प्राण्याचाच अवयव आहे, हे विसरू नका.

पाइप बँडबरोबर जाणाऱ्यांनी आणखी काय बघावं?

जुन्या बॅगपाइपवर हस्तिदंताच्या कड्या असतात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या दोन तरुण पाइपरांचे पाइप कॅनडाहून परतताना व्हर्माँटच्या सीमेवर जप्त झाले. त्यांच्याकडे साइट्सचं प्रमाणपत्र होतं, पण अशा वस्तू ठरावीक प्रवेशद्वारांतूनच आणाव्या लागतात आणि ते नाकं त्यांतलं नव्हतं. ग्लासगोची जागतिक स्पर्धा तोंडावर आली होती. पाइप अखेर परत मिळाले, पण मधल्या दिवसांत त्या मुलांच्या जिवाला किती घोर लागला असेल याची कल्पना येते. वाद्यांसाठी अनेक वेळा वापरता येणारं खास प्रमाणपत्र २०१३ पासून मिळतं. ते काढा, आणि कोणत्या नाक्यावरून जायचं तेही आधी विचारा.

मोठा ढोल वाजवणाऱ्याच्या अंगावर बिबट्याचं कातडं घालायची जुनी लष्करी प्रथा आहे. बिबट्या पहिल्या परिशिष्टात आहे. आता चांगली कृत्रिम कातडी मिळतात, बँडनं तीच वापरावीत.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड?

दोन्हीकडे प्राणिजन्य वस्तू, अगदी घोड्याच्या केसांचं स्पॉरनसुद्धा, उतरल्यावर जाहीर करायची. न्यूझीलंडमध्ये १९७८ च्या कायद्यामुळे सागरी सस्तन प्राण्यांच्या वस्तूंना परवाना लागतो. चिखल-गवत लागलेले बूट धुऊन न्या.

भारतात सुट्टीला येताना आणू का?

फरचं नको. भारताच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या कातड्यांची आयात बंद केली, आणि २०१८ मध्ये सीलच्या कातड्याचीही. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली आणि साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणीही त्याच्या कक्षेत आले. मुंबईच्या विमानतळावर रात्री दोन वाजता ‘हे गाईचं आहे हो’ असं समजावत बसण्यापेक्षा घरी फोटो दाखवलेले बरे. साध्या चामड्याचं स्पॉरन आणा. लग्नात किल्ट घालायची असेल तर ते पुरेसं आहे.

शिंगाच्या मुठीबद्दलही विचारलं जातं. स्कीअन डू म्हणजे मोज्यात खोचायची छोटी सुरी. तिची मूठ बहुधा लाल हरणाच्या शिंगाची असते, पण जुन्या सुऱ्यांना आपल्याकडच्या सांबराचं शिंगही लावलेलं असे. आपल्या गावाकडच्या जुन्या घरातल्या भिंतीवरच्या शिंगांना जो कायदा लागतो, तोच सांबरशिंगाच्या मुठीला लागतो. लाकडी किंवा राळेच्या मुठीची सुरी घ्या. सुरी कुठलीही असली तरी ती चेक-इन बॅगेत. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून सुरीला मिळणारी सूट विमानाच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

सामानात न ठेवता अंगावर घातलं तर? किंवा कुरियरनं पाठवलं तर?

अंगावर घातल्यानं अमेरिकेत काही बदलत नाही. कुरियरचं तर उलट होतं: युरोपची प्रवाशांसाठीची सूट सोबत नेलेल्या वस्तूला आहे, मागाहून पाठवलेल्या पार्सलला ती आपोआप मिळत नाही.

भाड्यानं किल्ट घेतली आहे. जबाबदारी कुणाची?

सीमेवर ज्याच्या हातात वस्तू, त्याची. दुकानात सांगा की परदेशी न्यायचं आहे, आणि चामड्याचं किंवा कृत्रिम फरचं स्पॉरन मागून घ्या. भाड्याच्या स्पॉरनवर पुष्कळदा सशाची किंवा गाईची फर असते, तेही लिहून मागा. जप्त झालं तर दुकानदाराची भरपाई तुमच्याच खिशातून जाईल.

कस्टम्सला आपणहून सांगावं का?

हो. लपवलेली वस्तू सापडली तर वस्तू जाते आणि खोटं सांगितल्याचा ठपका वेगळा. ती नोंद पुढच्या व्हिसाच्या वेळी आडवी येऊ शकते, आणि आपल्यासारख्या परदेशी पारपत्रावर राहणाऱ्यांना ते परवडणारं नाही. फॉर्मवर प्राणिजन्य वस्तूंचा प्रश्न असतो, तिथे ‘हो’ लिहा आणि पावती पुढे करा.

जप्त झालंच तर परत मिळतं का?

कधी मिळतं, बहुधा नाही. जप्तीची लेखी नोटीस मागा. तिच्यात दाद मागण्याची मुदत दिलेली असते आणि ती चुकवली तर हक्क संपतो. घरी परतल्यावर जुन्या वस्तूचे पुरावे जमवून त्या मुदतीत अर्ज करा. वस्तूवर पाणी सोडण्याच्या कागदावर तिथे उभ्या उभ्या सही मागितली, तर आधी शांतपणे वाचा आणि त्याचा अर्थ अधिकाऱ्यालाच विचारा.